काकडं लिहायची राहिली

शहापूरहून शेणव्याच्या शाळेत जाताना मला एक रिक्षावाला हमखास भेटायचा. सगळ्या सीट भरेपर्यंत तो एका अंगठ्याने मोबाइलवर स्वतःच्या रानभाज्यांच्या वेबसाइटसाठी लिहीत बसायचा. शेवटचं माणूस बसलं की वाक्य अर्धं सोडून रिक्षा चालू! वेबसाइटवरच्या जाहिरातींतून त्याच्या रिक्षाच्या गॅसचा खर्च निघायचा.

एकदा त्याने शेवळांच्या भाजीची कृती टाकली, पण तिच्यात काकडं ही आंबट रानफळं लिहायची राहिली. काकडं नसली की शेवळांनी घसा खाजतो. शहरातल्या कितीतरी जणांनी तशीच भाजी केली आणि याला शिव्या लिहिल्या. त्याने एकेकाची माफी मागितली.

"अहो, विसरलात कसे?" मी विचारलं.

तो खो खो हसला. "विसरलो नाय, सर. काकडं न घालता शेवळं करणारा मानूस असतो, हेच मला म्हाईत नव्हतं! आता तीच मानसं रोज वेबसाइटवर येतात, विचारून विचारून भाज्या करतात."

त्या दिवशी फळ्यावर गणित सोडवताना मी सवयीने म्हणालो, "ही पायरी काय, सगळ्यांना येतेच." वळून चेहरे पाहिले, तर निम्म्या वर्गाचा घसा खाजत होता.