कोराडीच्या राखेवरचा कॅरम

कॅरममध्ये मी आयुष्यात एकदाच नाव कमावलं, तेही कोराडीच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, जिथे संध्याकाळी कॅरम सोडून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ड्यूटी सुटली की मी थेट क्लबात. तिथे मला हरवणारं कोणी उरलं नव्हतं, कारण जे हरवू शकत होते त्यांच्या बदल्या झाल्या होत्या. हे कारण मी तेव्हा कोणाला सांगत नसे.

आमच्या बोर्डाची एक खासियत होती. कॉलनीत केंद्रातल्या कोळशाची राख सगळीकडे. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, विरजणावर राख, खिडक्या लावून घेतल्या तरी चौकटीवर राख. एकदा बोरिक पावडर संपली आणि आणायला शहरात कोण जाणार म्हणून मीच ती राख बायकोच्या मैद्याच्या चाळणीनं चाळून बोर्डावर टाकली. सोंगट्या मजेत सरकू लागल्या. मग आम्ही पावडर विकत घेणंच बंद केलं. पांढऱ्या सोंगट्या करड्या झाल्या, पण आम्हाला त्या सवयीनं ओळखू यायच्या. राखेवर स्ट्राइकर जरा रेंगाळतो, म्हणून फटका जोरात मारावा लागे. माझा फटका जोरदार झाला तो असा. मी मात्र त्याला देणगी समजत होतो.

आता सासऱ्यांबद्दल सांगतो. ते शहरात, महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहायचे, कोर्टात कारकून होते. आमचं लग्न आम्ही दोघांनीच ठरवलं होतं, आणि ठरवताना त्यांना विचारायचं राहून गेलं होतं. त्यांनी आम्हाला घरात घेतलं, जेवू घातलं, पण माझ्याशी ते कधी थेट बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते मुलीमार्फत. मी गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ बसलेला असायचो आणि ते तिला म्हणायचे, "त्याले इचार, भाजी पायजे का."

मीही तिलाच म्हणायचो, "बाबाले सांग, पुरे."

ती स्वयंपाकघरात गेली की आम्ही दोघं पंख्याकडे बघत बसायचो. याचं मला हसू यायचं, आणि मनापासून वाईटही वाटायचं. माझे वडील केव्हाच वारले होते. या माणसानं मला एकदा तरी सरळ हाक मारावी, एवढीच माझी इच्छा होती.

म्हणून महालातल्या एका गणेश मंडळानं कॅरमची स्पर्धा ठेवल्याचं कळलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. हिशेब सोपा होता. सासऱ्यांच्या गल्लीत, त्यांच्यासमोर, त्यांच्या शेजाऱ्यांसमोर मी जिंकणार. मग त्यांना काहीतरी बोलावंच लागणार. जिंकलेल्या माणसाचं अभिनंदन काही मुलीमार्फत करता येत नाही. घरातल्या शोकेसमधला प्लास्टरचा राघू उचलून मी ढालीसाठी जागाही करून ठेवली. बायको म्हणाली, "आधी जिंकून तं या."

शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. सासरे आले, हातात भाजीची पिशवी घेऊन, म्हणजे मुद्दाम आलो असं कोणी समजायला नको. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मी बोर्डाकडे पाहिलं आणि दचकलो. बोर्ड पिवळाधमक, सोंगट्या खरोखरच्या पांढऱ्या, वर भुरभुरलेली बोरिक पावडर. मी बाह्या सारल्या आणि कोराडीचा फटका मारला. स्ट्राइकर बोर्डाची कड ओलांडून गुण लिहिणाऱ्याच्या मांडीवर जाऊन पडला.

लोक हसले. त्यानंतर मी इतका जपून खेळलो की स्ट्राइकर अर्ध्यातच थांबू लागला. तरीही समोरच्याचं नशीब माझ्याहून वाईट असावं, कारण शेवटी माझी एकच सोंगटी उरली, तीही खड्ड्याच्या अगदी तोंडाशी. फुंकर मारली असती तरी पडली असती. मी मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. झालं, अंगात आलं. मी सगळा जीव लावून मारली. सोंगटी खड्ड्यात गेली आणि तिच्यामागोमाग स्ट्राइकरही.

स्ट्राइकर आत गेला की टाकलेली सोंगटी परत बाहेर येते, वर दंडाची आणखी एक ठेवावी लागते. पंचांनी दोन्ही मधोमध ठेवल्या आणि समोरच्यानं एका दमात बोर्ड संपवला. पहिल्याच फेरीत मी बाद.

तेवढ्यात भाजीची पिशवी गर्दीतून पुढे आली.

"गोटी खड्ड्यात गेली का नाही, एवढंच सांगा," सासरे पंचांना म्हणाले.

"गेली."

"कोणं टाकली?"

"यांनीच. पण स्ट्राइकरही गेला ना काका."

"म्हणजे एक टाकाची होती, तं माह्या जावयानं दोन टाकल्या! अन तुमी म्हणता हारला?"

पंचांनी नियम समजावला. सासऱ्यांनी नियम कुठे लिहिलाय ते मागितलं. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकत होतो. "माह्या जावयानं" हे ते आणखी दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्यांचा मुद्दा साफ चुकीचा होता. शेवटी बायकोनं त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

रस्त्यात तिला कोणी ओळखीची भेटली म्हणून ती मागे राहिली. आम्ही दोघंच चालत होतो. निरोप न्यायला कोणी नाही. मी दुकानांच्या पाट्या वाचू लागलो.

"काहून गा," ते एकदम म्हणाले, "इतक्या जोरानं मारत असतेत का? समोर तं होती गोटी! डोये होते कुठं तुये?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"चुकलं बाबा," मी म्हणालो.

"चुकलं काय! अक्कल नाही का?" आणि मग ते सुरूच झाले. माझा हात, माझं बसणं, माझी घाई, काहीही सोडलं नाही. असा आनंद मला बढतीनंही पुढे कधी झाला नाही. माझी अशी खरडपट्टी काढणारं कोणी बऱ्याच वर्षांत नव्हतं.

सासऱ्यांच्या दाराशी बायकोनं आम्हाला गाठलं आणि सवयीनं विचारलं, "बाबा, यायले विचारू का, जेवून जातेत का?"

"तू कायले मंधात येते वं?" सासरे तिच्यावर खेकसले. "मी बोलून राहिलो ना त्याच्यासंग."