‘नाय चालणार’ नावाचं फोल्डर

“पुसायचं कायच नाय, भाऊ. जागा तेवढी करून द्या.”

मी टेबलाशी बसलो की काका हेच वाक्य म्हणायचे आणि डावा हात कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवायचे. डबा गरम लागला की त्यांचा चेहरा उतरायचा. मी त्यांना दर वेळी समजावून सांगायचो की पुसल्याशिवाय जागा होत नाही, घर वाढवता येत नसेल तर सामान कमी करावं लागतं. ते मान डोलवायचे. “बरोबर हाय तुमचं,” म्हणायचे. मग मी पहिल्या फाइलवर बाण नेला की लगेच, “ती नको.”

माझं महाडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. या धंद्यात अशी माणसं पुष्कळ भेटतात. तुमच्याही घरात एखादं असेल. सकाळच्या शुभेच्छांचे गुलाब, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, पिशवीभर केबली, सगळं जपून ठेवणारं. काका त्यांतलेच, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

ते एसटीत कंट्रोलर होते. जन्म डेपोच्या खिडकीमागे माईकवर गाड्या पुकारण्यात गेला. निवृत्त झाल्यावर पोलादपूरच्या आपल्या घरी राहायला गेले. एकुलती मुलगी पुण्याला नोकरीला. तिने आपला जुना कॉम्प्युटर आईवडिलांना आणून दिला आणि त्याच्या देखभालीला मला नेमलं. तिला मी ताई म्हणायचो.

कॉम्प्युटर खरा लागायचा तो काकींना. त्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकत. घावणे, कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, आपल्याकडे रोज होतं तेच. ओट्यावर पिठाचे दोन डबे एकावर एक ठेवायचे, त्यांना टेकवून फोन उभा करायचा, आणि काकांनी बटण दाबायचं. “ह्यांना कॅमेरामन केलंय,” काकी मला सांगायच्या. “पगार नाय, पण जेवूनखाऊन.” काका फोनमागून म्हणायचे, “आणि बोलणी खाऊन.”

फोन भरला की काका सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचे. काकींनी तिथे दोन फोल्डर केले होते. एकाचं नाव ‘चालेल’, दुसऱ्याचं ‘नाय चालणार’. पहिल्यातले व्हिडिओ जगाला दाखवायचे. दुसऱ्यात फसलेले. मध्येच कुकरची शिट्टी झाली, घावण तव्याला चिकटला, शब्द अडखळला, की तो तिकडे जायचा. दुसरं फोल्डर पहिल्याच्या कितीतरी पट मोठं होतं.

त्या काळात एकदा मी नको असलेल्या फायली कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि तो रिकामा करायला निघालो. काकांनी विचारलं, “ह्यातून परत काढता येतं ना?” म्हटलं, येतं. “मग असू दे की. कचऱ्यात हायत, म्हणजे पुसल्यातच जमा.” कचराही जागा खातो, हे मी सांगून पाहिलं. ते ऐकून त्यांना कचऱ्याबद्दल जास्तच आपुलकी वाटायला लागली.

मग काकी आजारी पडल्या. छातीचं दुखणं होतं. महाड झालं, मुंबई झाली, आणि त्या गेल्या.

त्यानंतर काकांचे फोन वाढले. कॉम्प्युटर मंद झाला, पडदा गोठला, जागा संपल्याची लाल पट्टी आली. मी मोटरसायकलवर पोलादपूरला जायचो. दारातून आत गेलं की पूर्वी फोडणीचा वास यायचा. आता धुतलेल्या भांड्यांचा यायचा. ओट्यावर एक कप, एक ताट, पालथं घातलेलं. काका चहा करायचे, दोघांचा, आणि तो नेहमी जास्त व्हायचा. मग तिसरा कपही आम्ही वाटून प्यायचो.

जागा करण्यासाठी त्यांनी स्वतःचं सगळं काढून टाकलं. निरोप समारंभाचे फोटो, डेपोतल्या मित्रांबरोबर रायगडावर गेले होते तो सगळा दिवस, त्यांना आवडणारी भजनं. “हे काय करायचंय? जाऊ द्या,” म्हणत ते मला वाट मोकळी करून द्यायचे. काकींच्या दोन फोल्डरांपाशी आलो की त्यांचा हात डब्यावर घट्ट व्हायचा.

मी त्यांना बाहेरची डिस्क घ्यायला लावली. पुरात माझ्या दुकानातल्या डिस्क चिखलात गेल्या तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो, एकाच ठिकाणी काही ठेवू नका. काकांनी नक्कल करू दिली, पण मूळ हलवू दिलं नाही. “माळ्यावर टाकलेली वस्तू कोण कधी काढतो? इथं समोर असू दे.”

काकींच्या वर्षश्राद्धाला ताई आल्या होत्या. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर सुरू होईना. श्राद्ध आटपल्यावर मला बोलावणं आलं. मी खटपट करून तो चालू केला आणि सांगितलं, आता खरंच काही कमी केल्याशिवाय हा चालायचा नाही.

“हे फोल्डर काढून टाका ना, दादा,” ताई म्हणाल्या. “आईनेच लिहिलंय, नाही चालणार. चांगले व्हिडिओ वेगळे आहेतच.”

काकांचा हात डब्यावर गेला. ताईंनी खात्री करायला म्हणून शेवटचा व्हिडिओ उघडला.

काकी तांदळाचं पीठ भिजवत होत्या. दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. श्वास पुरत नव्हता. त्यांनी ओट्याची कड धरली, पुन्हा हसून सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. मग खाली बसल्या, त्यामुळे पडद्यावर नुसती भिंत आणि फडताळ राहिलं. कडेने काकांचा हात आला, पाण्याचा तांब्या घेतलेला. नुसती भिंत दिसत असतानाच काकींचा आवाज ऐकू आला, “बंद करा आवो, चालूच हाय तो.”

ताई उठून बाहेर ओटीवर गेल्या. बऱ्याच वेळाने आत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते.

“बाबा, हे कशाला ठेवायचं? तिला आवडलं असतं का हे कुणी बघितलेलं?”

“कुणी नाय बघत,” काका म्हणाले.

“तुम्ही बघता.”

ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. काकांचंही नव्हतं. मी केबल गुंडाळत बसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी काहीच ठरलं नाही, आणि ताई पुण्याला परत गेल्या.

थोड्या दिवसांनी काकांचा फोन आला. “या. पुसायचं हाय.”

मी गेलो. त्यांनी दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. खुर्चीत बसून त्यांनी स्वतःच माउस घेतला, आणि बाण नेला तो ‘चालेल’वर.

“काका, चुकताय. हे चांगलं फोल्डर आहे.”

“म्हाईत हाय.” ते पडद्याकडेच बघत होते. “हे सगळे नेटवर हायत ना?”

“आहेत.”

“कुणीपण बघू शकतो?”

“हो.”

“मग इथं कशाला?” त्यांनी त्यातला एक व्हिडिओ लावला. काकी काठापदराच्या साडीत, केस नीट विंचरलेले. “नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत रायगडची पारंपरिक पाककृती.” अगदी टीव्हीवरच्यासारखं. काकांनी तो बंद केला आणि दुसऱ्या फोल्डरमधला लावला. तीच साडी, तोच ओटा. “नमस्कार मंडळी, आज आपण... आवो, तो पंखा बंद करा ना. कितींदा सांगू? आवाज येतोय त्याचा. आणि उभे का? पाय दुखतील, तो स्टूल घ्या की.”

“ही मंडळींशी बोलते ती मंडळींची,” काका म्हणाले. “त्यांनी बघावी. ही माझ्याशी बोलते.”

मी जास्त काही विचारलं नाही. ताईंना सांगितलं का, एवढंच विचारलं. “सांगितलं. ती काय बोलली नाय.” मग त्यांनी बटण दाबलं. कचऱ्याचा डबाही रिकामा करायला सांगितला. पुसण्याची पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली आणि संपली. जागेच्या पट्टीचा लाल रंग जाऊन निळा आला. कॉम्प्युटर चांगला धावायला लागला, आणि त्यामुळे मला बोलावण्याचं काही कारण उरलं नाही.

तरी एक फोन आला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “काय अडलंय, काका?” ते म्हणाले, “अडलं कायच नाय. झकास चाललाय.” पण फोन ठेवला नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. “तुमच्याकडं पाऊस कसा हाय?” त्यांनी विचारलं. महाड आणि पोलादपूर, मध्ये अंतर ते काय? पण मी सांगितला, पाऊस कसा आहे ते, सावकाश.

त्याच पावसात ते मोरीत पाय घसरून पडले. खुबा मोडला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, ताई आल्या आणि त्यांना पुण्याला घेऊन गेल्या. सामान भरताना कॉम्प्युटर ताईंनी स्वतः सोडवला, गोधडीत गुंडाळला आणि मागच्या सीटवर ठेवला. मी मदतीला होतो, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही.

पुढच्या वर्षी काका गेले. त्याआधी एकदाच आमची भेट झाली. मी सुटे भाग आणायला पुण्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. दार ताईंनी उघडलं. आतल्या खोलीतून काका कुणाशी तरी मोठ्याने बोलत होते.

“पाहुणे आहेत का?” मी विचारलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

मी दारातून पाहिलं. काका पाठमोरे बसले होते, खुर्चीला वॉकर टेकवलेला, कानांवर हेडफोन. पडद्यावर काकी हातात चमचा धरून समोर बघत होत्या, काहीतरी विचारत होत्या. आवाज आम्हाला येत नव्हता. आम्हाला फक्त काका ऐकू येत होते.

“घातलंस गो. मघाशीच घातलंस मीठ.” थोडं थांबून, “नाय, नाय, पुरे तेवढं.”

मी हाक मारणार होतो. ताईंनी मला खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावलं, बसायला स्टूल दिलं. चटणी वाटायला घेतलेली होती. खोबरं, मिरच्या, लसूण भांड्यात घालून, झाकण लावून तयार. त्यांनी मिक्सरच्या बटणावर बोट ठेवलं, पण ते न दाबता आतला काकांचा आवाज ऐकत तशाच उभ्या राहिल्या.