सासूच्या खुर्चीवर धुरपता

वडशाच्या अलीकडं, वैनगंगेच्या काठाकाठानं गेलं की एक धानाचं गाव लागते. त्या गावात मुखरूची बायको धुरपता म्हणजे बोलण्यात कोणाला हार न जाणारी बाई. तिला राग यायचा नाही, फक्त बोलणं यायचं. कोंबडी अंगणात शिरली तरी तिला आधी दोन गोष्टी ऐकवायची, मग हाकलायची. मुखरू बिचारा मुकाट्याचा माणूस. लग्न झाल्यापासून त्याला बोलायची पाळीच आली नाही, अन् त्याचं काही अडलंही नाही.

घरात थोरला मुलगा, त्याची बायको चंदा, अन् धाकटा लच्छू. लच्छूचं लग्न व्हायचं होतं, अन् तेवढ्यासाठीच धुरपताचा जीव टांगणीला लागला होता.

आमच्या झाडीपट्टीकडं सोयरीक कशी जुळते, हे बाहेरच्यांना सांगावं लागते. धान निघालं, खळं झालं, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर नाटक असते. नाटकाला म्हणून घरोघर पाहुणे उतरतात, अन् त्या पाहुण्यांत लग्नाची पोरगी असते, पोरगा असतो. पोराकडचे पोरगी पाहून घेतात, पोरीकडचे घर पाहून घेतात, ढोलीत, म्हणजे धानाच्या कणगीत, धान किती ते पाहून घेतात. कोणी कोणाला तोंडानं विचारत नाही. सगळे नाटकालाच आलेले असतात.

त्या साली गावात नाटकाच्या जागी सिनेमा फिरवणाऱ्या गुणवंतरावाचा तंबू आला. तंबूत सिनेमा. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण गावात सिनेमा पहिल्यांदाच आला होता. पाहुण्यांत वडशाकडची सुगंधाबाई आली होती, संग तिची पोरगी इंदू. पोरगी सावळी, कामाची, हसली तर गालातल्या गालात. धुरपताला एका नजरेत पटली. तिनं पाहुण्यांना गोडाची घिवारी खाऊ घातली, सिनेमाला नेऊन आपल्या पोत्याच्या बोऱ्यावर शेजारी बसवलं.

सिनेमात एक गरीब सून होती अन् एक खाष्ट सासू. एक दिवस दारात भुकेला साधू येतो. घरात दाणा नाही. सून इकडं पाहते, तिकडं पाहते, अन् कोपऱ्यात बियाण्यासाठी लिंपून ठेवलेली ढोली फोडून त्यातलं धान त्या साधूच्या झोळीत ओतते. सासू येते, पाहते, अन् सुनेला उपाशीपोटी घराबाहेर काढते. तंबूतल्या साऱ्या बाया पदर डोळ्याला लावून मुसमुसत होत्या. तेवढ्यात धुरपताचा आवाज आला. धुरपताचा आवाज म्हणजे नदीपल्याड ऐकू जाणारा.

"बरोबर केलं सासूनं. बियाणं देऊन टाकलं मेलीनं. आता पेराले काय साधू येणार आहे?"

रडणाऱ्या बाया रडायच्या थांबल्या अन् मागं वळून पाहू लागल्या. धुरपताला वाटलं, आपलं पटलं. मग ती पुढं सिनेमाभर सासूच्या बाजूनं बोलत राहिली. सासूनं भांडं आपटलं की ही म्हणे, आपट. सासू गेली की ही म्हणे, आता कुठी गेली, बोलव तिले.

सकाळी सुगंधाबाईनं न्याहारी केली, गाठोडं बांधलं, पोरीला घेऊन गेली. चार दिवसांनी सोयरिकी जुळवणाऱ्या दसरूच्या हाती निरोप आला, की पोरगी अजून लहान आहे. इंदू चंदापेक्षा वीतभर उंच होती.

दसरूनं मग खरं काय ते सांगितलं. सुगंधाबाई म्हणते, जी बाई सिनेमातल्या सुनेला सोडत नाही ती माझ्या पोरीला काय सोडणार. धुरपता दिवसभर गप्प राहिली. मुखरूनं घाबरून तिला ताप आला का म्हणून हात लावून पाहिला. गावात तोवर साऱ्या जणी तिला सिनेमातली सासूच म्हणू लागल्या होत्या. पाणवठ्यावर ती आली की बाया आपापली ढोली सांभाळा म्हणत अन् खिदळत. दोन घरं अजून लच्छूसाठी पाहून गेली असती, तीही आली नाहीत. पोरगा रानात जाऊन एकटाच बसू लागला.

अशात वडशाहून हाकारा आला. गुणवंतरावानं धानाच्या गिरणीच्या आवारात सिनेमावाल्यांचा मेळावा ठेवला होता. सिनेमातला नट, नटी अन् सासू अशी तिघंही मुंबईहून आगगाडीनं येणार, लोकांना भेटणार, अन् दिवस बुडाला की तिथंच तंबूत तोच सिनेमा पुन्हा दाखवणार.

धुरपतानं त्याच दिवशी ठरवलं की जायचं. तिचं गणित सोपं होतं. सुगंधाबाई वडशाकडचीच, ती येणारच. सासूचं काम करणारी बाई काही खरी खाष्ट नसणार. ती चांगली निघाली, तर तिची बाजू घेणारी धुरपताही चांगलीच, हे सुगंधाबाईला डोळ्यांनी दिसेल. मुखरूला या गणितात कुठंतरी खोट वाटली, पण त्यानं बैलबंडी जुंपली.

चंदा संग होतीच. तिला नट पाहायचा होता. धुरपतानं लाखोळीच्या डाळीचे वडे तळून फडक्यात बांधून घेतले. चंदानं विचारलं, नटीसाठी का? धुरपता म्हणाली, सासूसाठी.

गिरणीच्या आवारात माणसाला माणूस घासत होतं. दोऱ्या बांधून तीन रांगा केल्या होत्या. नटाची रांग फाटकाबाहेर गेली होती, चंदा त्यात जाऊन उभी राहिली. नटीच्या रांगेत साऱ्या बाया, अन् एकेकीच्या हातात डबा, टोपली, गाठोडं. पोरगी सिनेमाभर उपाशी होती ना. कोणी भात आणला होता, कोणी पानगे, कोणी दह्याची लोटी. नटीपुढं अन्नाचा डोंगर झाला होता, अन् ती बिचारी हसत हसत नको नको म्हणत होती. बाया म्हणत, खा माय, आता कोणी काही म्हणत नाई.

तिसऱ्या दोरीला रांगच नव्हती. एक खुर्ची, मागं कापडाचा पडदा, वर पाटी, अन् खुर्चीवर चष्मा लावलेली एक बारकीशी बाई. येणारी-जाणारी बाई तिच्याकडं पाहून बोटं मोडे अन् दुरूनच पुढं सरके. धुरपता सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

त्या बाईचं नाव अनसूयाबाई. आपल्याजवळ कोणी आलं याचंच तिला आधी नवल वाटलं. धुरपतानं सांगितलं की तुमचं काम मला लय आवडलं, तुमचंच खरं होतं. अनसूयाबाईनं चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. मग हळूच तिनं विचारलं, त्या फडक्यात काय आहे? सकाळी गाडीतून उतरल्यापासून तिच्या पोटात काही नव्हतं. उपाशी सुनेला सारा वडसा जेवू घालत होता, उपाशी ठेवणारीला कोणी पाणीही विचारलं नव्हतं.

वडे सोडले. पण इतक्या लोकांपुढं खायचं कसं? अनसूयाबाई म्हणाली, मी या पडद्यामागं जाऊन चार घास खाते, तुम्ही तेवढं खुर्चीवर बसा, रिकामी दिसली तर गुणवंतराव ओरडतील. धुरपता बसली. वर पाटीवर 'खाष्ट सासू' असं लिहिलं होतं. धुरपताला वाचता येत नव्हतं, अन् येत असतं तरी ती बसलीच असती.

आता गंमत अशी, की ती बारकी चष्मेवाली बाई सासू आहे हे कोणाला मनातून पटतच नव्हतं. खुर्चीवर धुरपता बसली, कमरेला पदर, कपाळावर मोठं कुंकू, अन् लोकांना पटलं. एक बाई धीर करून पुढं आली.

"काऊन वो, त्या लेकराले उपाशी काढलंस? तुले लाज नाई वाटली?"

धुरपताला वाटलं, ही आपल्याच गावच्या बायांसारखी सिनेमावर बोलून राह्यली. ती मागं सरणारी नव्हती.

"अन् तिनं बियाणं दिलं ते? तुझी सून देईल तं तू ओवाळशील का तिले?"

बाई अडखळली. दुसरी म्हणाली, साधू भुकेला होता. धुरपता म्हणाली, मंग पुढच्या साली सारं घर भुकेलं राहील, त्याच्या दारात जायचं का? तिसरी म्हणाली, तरी हाताले धरून नव्हतं काढायचं. यावर धुरपतानं विचार केला अन् कबूल केलं, की हो, हाताला धरलं ते जास्तच झालं, तोंडानं सांगितलं असतं तरी भागलं असतं. बायांना हे आवडलं. सासूनं एक चूक कबूल केली, अशी बातमी मागं गेली अन् नटीच्या रांगेतल्या बाया डबे घेऊन इकडं वळू लागल्या. एका घडीत तिसरी दोरी भरून गेली. भांडायला मिळते म्हटल्यावर कोण राहते मागं? पडद्याआड अनसूयाबाई वडे खाता खाता ऐकत होती. तिला बाहेर यायची काही घाई नव्हती.

अन् त्या रांगेत, डोक्यावर पदर घेतलेल्या इंदूला मागं ठेवून, सुगंधाबाई पुढं आली.

धुरपताला ओळखून तिनं पदर सारखा केला. मग सुगंधाबाई हळूच, पण साऱ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"गावात सासू होती ते होती. आता खुर्ची टाकून बसलीस का बाई?"

हशा झाला. जन्मात पहिल्यांदा धुरपताला उत्तर सुचलं नाही. लच्छूचं लग्न आता या खुर्चीतच बुडालं, एवढंच तिला कळत होतं. ती उठू लागली, पण गर्दीत उठायला जागा नव्हती.

तेवढ्यात पडदा सारून अनसूयाबाई तोंड पुसत आली अन् म्हणाली, की सासू मी आहे, या माझ्या पाहुण्या आहेत. बायांनी मानलं नाही. ही शेळीसारखी बाई कशी सासू होईल? मग अनसूयाबाईनं चष्मा काढला, पदर खोचला, एक भुवई वर नेली अन् फाटकाकडं बोट करून म्हणाली, "चालती हो." पुढच्या चार बाया खरंच मागं सरकल्या. एकीची दह्याची लोटी पडली. लगेच अनसूयाबाई हसली, चष्मा लावला अन् पडलेली लोटी उचलू लागली.

धुरपताला धीर आला. तिनं सुगंधाबाईला म्हटलं, पाहा बाई, खाष्ट दिसते पण आहे का? नाटक आहे सारं.

"ते नाटक करते," सुगंधाबाई म्हणाली. "तुम्ही कुठी नाटक करता? तुमचं तं खरंच आहे."

गणितातली खोट ती हीच. धुरपता पुन्हा खाली बसली.

नटाच्या रांगेतून चंदा हे सारं पाहत होती. नट आता तिच्यापासून दोन माणसांवर आला होता. आयुष्यात पुन्हा तो वडशाला येणार नव्हता. तिनं त्याच्याकडं एकदा नीट पाहून घेतलं, अन् दोरीखालून निघून इकडं आली. सुगंधाबाईनं तिलाच धरलं. म्हणाली, तू घरातली सून, तूच सांग, ही बाई कशी आहे ते.

चंदानं सासूकडं पाहिलं. सासू जमिनीकडं पाहत होती.

"लय बोलते," चंदा म्हणाली. "सकाळपासून बोलते. ते एक बोलते, मी दोन बोलते. रांधता रांधता भांडतो अन् एकाच ताटलीत लोणचं घेऊन जेवतो. मुकी सासू असती तं मी कधीची माहेरी पळाली असती."

इंदू आईच्या मागून पुढं आली. आईच्या देखत तिनं बोलायचं नव्हतं, म्हणून तिनं चंदाच्या कानाशी लागून विचारलं. पण चंदाची हळू बोलायची सवय सासरी राहून मोडली होती. ती साऱ्यांपुढं म्हणाली, "तुले बोलू देईल का म्हणते? माय, तू नाई बोलली तं काऊन नाई बोलत म्हणून भांडंल."

इंदू गालातल्या गालात हसली. धुरपतानं ते पाहिलं, सुगंधाबाईनंही पाहिलं.

सुगंधाबाई जराशी घुटमळली. पोरीची आई, लगेच हो म्हणता येत नाही. मग ती म्हणाली, की ठीक आहे, दसरूभाऊला पाठवा बोलणीला. पण एक कबूल करा. लग्न होतपर्यंत सिनेमाच्या तंबूत पाय ठेवायचा नाही. आमची सारी सोयरी मंडळी येते तिथं, मला त्यांच्यापुढं पुन्हा मान खाली घालायची नाही.

ही अट धुरपताला जड गेली. त्याच दिवशी, त्याच आवारात, दिवस बुडाला की सिनेमा होता. तिनं विचारलं, आजचा सोडून उद्यापासून धरलं तर? सुगंधाबाईनं इंदूचा हात धरला. धुरपतानं अनसूयाबाईकडं पाहिलं. अनसूयाबाई म्हणाली, कबूल करा हो, पोरगी चांगली आहे. धुरपतानं कबूल केलं. इंदूनं तांब्यात पाणी आणून दिलं अन् धुरपता ते एका दमात प्यायली.

सांज झाली, तंबू भरला. सारे आत गेले, मुखरूसुद्धा गेला. धुरपता बाहेर बंडीत, धानाच्या तणसावर, तंबूकडं पाठ करून बसली. बैल रवंथ करत होते. थोड्या वेळानं अंधारातून कोणी आलं. चष्मा चमकला. अनसूयाबाई होती.

"तुम्ही आत नाही गेलात?" तिनं विचारलं.

"मले बंदी आहे. तुम्ही?"

"माझंच काम मला बघवत नाही," अनसूयाबाई म्हणाली. "अन् आत बसून शिव्या कशाला खाऊ? इथं बसू का?"

धुरपतानं तणस सारखं करून जागा दिली. उरलेला वडा दोघींत मोडला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, अन् मागोमाग साऱ्या तंबूचा गलका उठला. बाया सासूला शिव्या देत होत्या. त्या गलक्यात एक आवाज साऱ्यांच्या वर चढत होता, सासूच्या सात पिढ्या उद्धरत होता, मध्येच रडत होता अन् पुन्हा चढत होता.

अनसूयाबाईनं दचकून विचारलं, "बाई गं, या कोण?"

धुरपतानं कान देऊन ऐकलं. तिला आवाज आवडला. जोडीचा आवाज होता.

"ते ना," ती म्हणाली, "ते आमची विहीण."