ओल उडायच्या आत

खोपट डेपोसमोरच्या टपरीवर आम्ही रिटायर्ड एसटीवाले जमतो, तेव्हा चहा संपतो, किस्से संपत नाहीत. पूर्वी सगळे घाटातले असायचे, ब्रेक फेल झाल्याचे. आता कुणी नवा माणूस आला की पहिली फर्माईश, "ते गव्हाचं सांगा ना!" एक सांगावा तर मागून चार निघतात. म्हणून एकदाचे लिहूनच काढतो.

सदाशिव आमच्या डेपोचा ड्रायव्हर, मी मेकॅनिक. सदाची नगरकडची जमीन भावांनी विकली. याच्या वाट्याला आला आईनं राख लावून जपलेला बन्सी गहू, पावसाच्या ओलीवर येणारा. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पोतं दोन वर्षं पलंगाखाली पडून होतं. "यंदा मातीत गेलं नाही तर बी मरेल रे," असं तो म्हणाला.

शेत दिलं ओळखीच्या हिरामावशींनी. कल्याण-शीळ रस्त्याच्या आत, तीन बाजूंना टॉवर, मध्ये त्यांचं एक एकर, नुकतंच भात कापलेलं. "पेर बाबा. पन पानी नाय मिलाचा हां!" म्हणजे भाताखालची ओल उडायच्या आत नांगरून, कुळवून, पेरून मोकळं व्हायचं. हातात जेमतेम बारा दिवस. ट्रॅक्टरवाले सगळे टॉवरची माती वाहण्यात गुंतलेले, एका एकरासाठी कोण येतो?

* * *

लाकडी नांगर मावशींच्या माळ्यावर मिळाला. ढेकळं फोडायचा कुळव आणि पेरायची पाभर सदानं गावाहून आणली. कशी? एसटीनं! मागच्या सीटवर आडवी टाकून. कंडक्टर आला आणि बघतच राहिला. "काका, हे लगेज का पॅसेंजर?"

सदा म्हणाला, "पॅसेंजर. माझ्यापेक्षा सीनियर आहे, हाफ फाड!"

* * *

पहिल्याच दिवशी शेजारच्या टॉवरचे सेक्रेटरी खाली आले. "इथे काय चाललंय? धूळ वर येते. परमिशन आहे का?"

मावशी बांधावर बसलेल्या. उठल्याही नाहीत. "माजे शेतान नांगर धराला परमिशन? तुजा टॉवर उभा र्‍हायला तवा माजी घेतलेली?"

साहेब गेले. मावशी खुरप्यानं बांधावरचं गवत काढायला लागल्या.

* * *

आणि बैल कुठून आणले? पंचक्रोशीत उरलेत ते शर्यतीचे! मावशींचा पुतण्या गणपत, त्यानं आपली जोडी दिली. बदाम खाऊन वाढलेली. सदानं नांगराचं रुमणं धरलं, गणपतनं नुसतं "हुर्र" केलं, आणि फाळ जमिनीत शिरायच्या आधी बैल सुटले!

नांगर उड्या मारतोय, फाळ सदाच्या पायापासून वीतभर. "सदा, सोड! सोड रे!" मी ओरडतोय. तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस, हात सुटेनात! समोर बांध, आणि बांधावर डबा घेऊन आलेली माझी बायको, सुमन.

गणपत किंचाळला, "वैनी, लाल फडका वर करा! फडका!"

सुमननं डब्याचा फडका ओढला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि डोळे मिटले. जागची हलली नाही. बैल तिच्यापासून दोन हातांवर थांबले. लाल निशाण दिसलं की शर्यत संपली, एवढंच त्यांना शिकवलेलं.

सदा धापा टाकत म्हणाला, "गणपत, ब्रेक कुठाय ते आधी सांगायचं!"

सगळे हसले. सुमन नाही. तिनं फडक्याची घडी करून कमरेला खोचली. त्यानंतर गणपत बैलांच्या पुढं चालला, वेसण धरून, पाच दिवस.

* * *

सातव्या दिवशी कुळवाचं पातं ढेकळात तुटलं. लोहार शोधत कल्याण पालथं घातलं. सगळे ग्रिलवाले! शेवटी माजिवड्याच्या भंगारात गेलो, बसच्या स्प्रिंगचा जुना पाटा उचलला, ग्राइंडरनं धार काढून बसवला. या भानगडीत दीड दिवस गेलेला, माझा जीव टांगणीला.

सदानं पाटा निरखला. "एसटीचा आहे ना? मग खड्डा सोडणार नाही!"

* * *

सदा रोज सकाळी माती उकरून मुठीत दाबायचा. लाडू वळला तर ओल आहे. दहाव्या दिवशी लाडू हातातच फुटला. सदा खाली बसला.

"वरचंच सुकलंय," सुमन म्हणाली. ती साताऱ्याकडची, शेतात वाढलेली. "फळी फिरवा, ढेकळं फोडून माती दाबा, खालची ओल खाली राहील."

फळी होती, वजन नव्हतं. तर अडुसष्ट वर्षांच्या मावशी पदर खोचून फळीवर चढल्या, दोर धरला. "हाक रं गणपत! पन शर्यत नको!"

दुसऱ्या दिवशी चार बोटं खाली लाडू वळला.

* * *

गहू उगवला. सगळा नाही, बारा आणे. पेरणीनंतर नवव्या दिवशी सदानं फोन केला आणि नुसता रडला. पण खरा किस्सा त्याआधीचा, पेरणीच्या दिवसाचा.

सदा पाभर धरून, सुमन मागून चाड्यात, म्हणजे पाभरीच्या लाकडी वाटीत, मुठीनं गहू सोडतेय. निम्मं शेत झालं आणि रस्त्यावरून जेसीबी वळला. थेट शेताच्या तोंडाशी. ऑपरेटर तिशीतला, मोबाइलवर जमिनीचा गट नंबर दाखवत म्हणाला, "इथंच खोदायला सांगितलंय."

मावशी जेसीबीच्या बकेटसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सातबाऱ्यावर माजा नाव हाय!"

त्यानं साहेबांना फोन लावला. कुणी उचलेना. इंजिन चालूच. बैल बुजायला लागले, गणपतला आवरेनात.

ऑपरेटरनं पाभरीकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं, खाली उतरला. "काका, मला एक तास द्या."

सदा भडकला. "तास? अरे एका तासात निम्मं रान कसं पेरू?"

"घड्याळाचा नाही हो. पाभरीचा. या बांधापासून त्या बांधापर्यंत, एकच."

त्यानं बूट काढून बांधावर ठेवले. सदा जागेवरून बाजूला झाला. सुमननं मूठ भरली. तो पाभर धरून गेला, पलीकडच्या बांधापर्यंत, सुतात सरळ.

परत येतोय तोच त्याच्या खिशातला फोन वाजला. समोर नुसती काळी माती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "साहेब, नंबर चुकलाय. इथं गहू उभाय."