काटासाहेबांचे चौकोन

आमचे हे वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण ते फक्त सरकारदरबारी. घरात त्यांची तपासणी अजून चालूच असते. दुकानातून आणलेली साखर आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढते आणि मगच डब्यात उतरते. नोकरीत होते तेव्हा बाजारात त्यांना 'काटासाहेब' म्हणायचे. हे रस्त्याच्या तोंडाशी दिसले की अर्ध्या दुकानदारांना एकदम बाहेरगावची कामं आठवायची आणि उरलेले फडक्याने तराजू पुसायला लागायचे. ह्यांना त्या नावाचा राग कधी आला नाही. उलट कुणी नुसतं 'साहेब' म्हटलं, तर काहीतरी कमी भरलंय असं त्यांना वाटायचं.

बोलणं मात्र मोजूनमापून. मी सकाळपासून बोलत असते आणि हे 'हं' म्हणत असतात. त्या 'हं'चेही प्रकार आहेत. एक ऐकतोय म्हणून, एक ऐकत नाही म्हणून, आणि एक पुरे आता म्हणून. तिसरा मी कानाआड करते.

तर अशा माणसाच्या वाट्याला त्याच्या बहिणीचं सगळं हस्तकलेचं सामान आलं.

वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, शाळेत हस्तकला शिकवायच्या. स्वभावाने भावाच्या अगदी उलट. आमच्याकडे आल्या की पर्समधून क्रोशाची सुई आणि तोंडातून गप्पा एकदमच बाहेर पडायच्या, आणि त्या निघेपर्यंत दोन्ही थांबायचं नाही. वस्तू टाकणं त्यांना माहीतच नव्हतं. 'असू दे, लागेल कधीतरी,' म्हणत त्यांनी फाटक्या कोटांची बटणंसुद्धा जपली. गेल्या वर्षी त्या गेल्या. आजार नाही, काही नाही, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. पुढचं सगळं ह्यांनी केलं. दवाखाना, कागदपत्रं, येणारी-जाणारी माणसं, सगळं शांतपणे, आवाज न चढवता आणि डोळ्यांतून टिपूस न काढता. भाचीने नंतर आईचं घर आवरलं, पण त्या सामानापाशी येऊन अडली. फोनवर म्हणाली, "मामा, तूच बघ त्याचं काय करायचं ते. मला ती खोकी उघडवतच नाहीत."

"पाठव," हे म्हणाले.

टेम्पो भरून खोकी आली. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर खोकी बसली आणि आम्ही उभे राहिलो. दुसरा कुणी असता तर चार वस्तू ठेवून बाकीच्या वाटून मोकळा झाला असता. ह्यांनी बाह्या सरसावल्या. लोकरीच्या लड्या आधी रंगाप्रमाणे लावल्या, मग जाडीप्रमाणे, मग माझा स्वयंपाकघरातला काटा नेऊन वजनाप्रमाणे. मणी, टिकल्या, भरतकामाच्या रिंगा, रेशमाच्या गुंड्या, प्रत्येकाला वेगळी बरणी. माझ्या लोणच्यांच्या रिकाम्या बरण्या कुठे गेल्या, हे मला असं कळलं. बटणांच्या डब्यापाशी मात्र मी हात टेकले. एकेक बटण मोजपट्टीवर ठेवून त्याची रुंदी बघणं चालू होतं.

"अहो, बटणं आहेत ती, आरोपी नव्हेत," मी म्हटलं.

"हं." दुसऱ्या प्रकारातला.

शेवटच्या खोक्यात ती चादर निघाली. वन्सं ती भाचीच्या नव्या घरासाठी करत होत्या, हे आम्हाला माहीत होतं. सायीच्या रंगाचा दोरा, क्रोशाचे तळहाताएवढे चौकोन, एकाला एक जोडत नेलेले. निम्म्याहून जास्त झाली होती. शेवटचा चौकोन अर्धा होता आणि सुई त्यातच अडकून राहिली होती. खाली उरलेल्या दोऱ्याच्या गुंड्या.

हे बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसले. मी फडकं घेऊन खोक्यांखालची धूळ पुसत होते. वर पाहिलं तर ह्यांनी दोरा डाव्या बोटाला गुंडाळला होता आणि सुई चालत होती. टाक्यांचा एक खांब झाला. दोन साखळ्या. परत खांब. माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"हे तुम्हाला कधीपासून येतं?"

"लहानपणापासून."

ज्या माणसाला शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नाही म्हणून मी उभा जन्म सुईत दोरा ओवत बसले, त्या माणसाला क्रोशा येतो, हे मला एका खोक्याने सांगितलं! जाब विचारायला मी पदर खोचला, पण त्यांचा चेहरा बघून सोडून दिलं.

त्या संध्याकाळी त्यांनी एकदम मोठं वाक्य बोलून टाकलं. "ही पूर्ण करायची. पोर नव्या घरी राहायला जायच्या आधी यातलं ठेवायचं ते सामान न्यायला येईल, तोपर्यंत. अक्का कुठे थांबली ते तिला दिसता कामा नये. चादर उघडली की तो अर्धा चौकोन, त्यात सुई. ते तिने का बघायचं?"

मला विचाराल तर पोर काही इतकी कच्च्या मनाची नाही. पण एवढी वाक्यं एका दमात आल्यावर मी कोण अडवणारी?

चार-पाच चौकोन झाले आणि ह्यांनी सवयीने आपला चौकोन अक्काच्या चौकोनावर ठेवून पाहिला. कमी भरत होता. चारी बाजूंनी दोन-दोन दोरे आखूड. ह्यांनी परत ठेवला. परत मोजला. दोरा तोच, सुई तीच, टाकेही तितकेच. आणि माप कमी!

मी हसत सुटले. "काटासाहेब, लोकांना आयुष्यभर दंड ठोकलात. आता पावती कुणी फाडायची?"

ते हसले नाहीत. मग संशयाचा फेरा सुरू झाला. आधी मोजपट्टीवर, मग दोऱ्यावर, मग माझ्यावर, की मी चादर परस्पर धुतली आणि ती सैल पडली. मोठी सुई घेऊन पाहिली, तर चौकोनाची जाळी झाली. सगळं उसवलं. पुन्हा केलं. पुन्हा आखूड. मान दुखायला लागली, तिला पट्टा आला. पट्टा लावून, ओठ घट्ट मिटून हे खिडकीपाशी बसायचे. दोरा असा आवळून धरायचे, जणू तो निसटून पळणार आहे. मला दया यायची आणि हसूही यायचं, आणि दोन्ही लपवायला मला स्वयंपाकघरात जावं लागायचं.

मग एक दिवस मी बाहेरून आले ती बातमी घेऊनच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी नव्या पडद्यांचं कापड आखूड निघालं म्हणून दुकानात जाऊन रणकंदन केलं होतं, आणि दुकानदार म्हणत होता की खिडकीच मोठी आहे. हे ऐकून ह्यांच्या अंगात जुने दिवस संचारले. कापड कसं ओढून मोजतात, मीटरपट्टीवर अंगठा कुठे ठेवतात, टोकाला बोट कसं सरकवतात, सगळं सांगत सुटले. मीही फोडणी घालत गेले. बोलता बोलता त्यांचा चौकोन पूर्ण झाला. त्यांनी तो सवयीने अक्काच्या चौकोनावर ठेवला.

बरोबर होता. दोऱ्याचाही फरक नाही.

हे हळूच म्हणाले, "अक्का बोलत बोलत करायची."

"मग?"

"म्हणून तिचा हात मोकळा. माझा आवळतो." सुई पुन्हा उचलून म्हणाले, "तू बस इथे. मला बोलायला लाव."

आता बोला! ज्या माणसाकडून एक वाक्य काढायला मी इतकी वर्षं घासाघीस केली, तो माझ्यासमोर सुई घेऊन बसला आणि म्हणाला, बोलायला लाव. पहिल्या दिवशी त्यांनी हवेविषयी सांगितलं. मग पाण्याच्या टाकीविषयी. त्या दिवसाचे चौकोन आखडले. वरवरचं बोलून भागत नव्हतं. हाताला बरोबर कळत होतं.

मग हळूहळू येऊ लागलं. लहानपणी पाय मोडून हे कितीतरी दिवस अंथरुणावर पडून होते, चिडचिड करायचे, तेव्हा अक्काने हातात सुई दिली होती. दोघं भिंतीला टेकून बसायची. ती बोलायची, हा ऐकायचा, आणि दोघांची सुई चालायची. पाय बरा झाला तरी हे करत राहिले. मग वर्गातल्या कुणीतरी पाहिलं आणि 'अहो काकू' म्हणून हाका मारायला सुरुवात केली. एके दिवशी ह्यांनी सुई अक्काच्या डब्यात परत ठेवली. ती काही बोलली नाही. "एवढी बोलणारी," हे म्हणाले, "पण त्याबद्दल मला एका शब्दाने कधी टोचलं नाही." पहिल्या तपासणीला जाताना ह्यांनी अक्काला फोन करून धीर गोळा केला होता, हेही तेव्हाच कळलं. मी त्या काळात घरात ह्यांच्या रुबाबाचं कौतुक करत होते!

खरं सांगते, मला वन्संचा हेवा वाटला. त्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं. आणि ह्यांचा रागही आला, की मला हे ऐकायला एक चादर मध्ये यावी लागली. पण राग धरला असता तर चौकोन आखडला असता, म्हणून गिळला. रोज दुपारी चहा घेऊन मी त्यांच्यासमोर बसू लागले, आणि दुपार कधी होते असं मला व्हायला लागलं.

चौकोन पुरे झाले, पण ह्यांचं समाधान होईना. आपले सगळे चौकोन एका बाजूला आले तर नजर जाईलच, म्हणाले. म्हणून अक्काची शिवण अलगद उसवली, दोघांचे चौकोन एकत्र ढवळले आणि मग नव्याने जोडले. वर चादर धुतली, सावलीत वाळवली, ओल्या फडक्याखाली इस्त्री केली. पलंगावर अंथरली आणि मला हाक मारली. "शोध."

मी चष्मा लावून शोधलं. काही सापडलं नाही. ह्यांचा चेहरा असा फुलला, जणू सगळ्या बाजाराचे काटे एका दिवसात सरळ झाले.

भाची आली ती आल्या आल्या चादर बघून दारातच थांबली. "आईने पूर्ण केली होती?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "नाही. राहिलेली मी केली."

ती पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि चादरीवरून हात फिरवू लागली. "आईची कुठपर्यंत आहे?"

"कशाला हवंय ते?"

"तिचा शेवटचा चौकोन बघायचाय मला. जिथे थांबली तो." तिचा हात चादरीवरून फिरतच होता. "खोकी उघडवत नव्हती रे मामा, पण तो त्यात आहे हे मला माहीत होतं. आज मनाची तयारी करून आले होते."

हे असं काही असेल याचा हिशोब त्यांनी केलाच नव्हता. ते घाईघाईने चादरीपाशी गेले. एक चौकोन बघितला, दुसरा बघितला. मोजपट्टी आणली. "हा बरोबर आहे," म्हणाले. पुढचा मोजला. "हाही बरोबर." आयुष्यभर हा शब्द उच्चारून त्यांनी शिक्के मारले, पण इतक्या पडेल आवाजात मी तो कधी ऐकला नव्हता. उलटी करून बघितली. उजेडात धरली. शेवटी मोजपट्टी खाली ठेवली. "नाही सांगता येत गं. मी सगळे मिसळले."

"तुला कुणी सांगितलं होतं इतकं बरोबर करायला?" भाची म्हणाली आणि रडायला लागली. हे तिच्यासमोर उभे होते. साधं 'हं'सुद्धा निघेना.

मीच तिला पाणी दिलं. पाणी पिऊन, डोळे पुसून तिने पुन्हा एकदा चादरीवर हात ठेवला. एका चौकोनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मग म्हणाली, "राहू दे. मग सगळीच आईची धरते मी."

"धर," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं होतं. अगं, मानेला पट्टा बांधून केलंय तुझ्या मामाने, असं अगदी जिभेवर आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गप्प बसले.

भाची चादर छातीशी धरून गेली. हे तिला खालपर्यंत सोडून वर आले आणि खिडकीपाशी आपल्या जागेवर बसले. हात मांडीवर, रिकामे. मी दिवा लावायला उठले तेव्हा म्हणाले, "इतके दिवस तिचं काम चालू होतं गं."

"हो ना."

"आज संपलं."

आणि वन्सं गेल्या त्या दिवशीही ज्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आमचे हे अक्का, अक्का करत लहान मुलासारखे रडले. मी दिवा लावला नाही.