बाबा ‘छान’ म्हणायला लागले तेव्हा

दादा, मी सिंगापूरला निघाले त्या सकाळी आई माझ्या बॅगेवर बसली होती आणि तू चेन ओढत होतास. कॉफी बाबांनी केली. आपल्याकडे चहा आईचा आणि कॉफी बाबांची, तीही काही प्रसंग असेल तरच. आटवलेलं दूध, सढळ हाताने साखर, वरून किसलेलं जायफळ. मी पहिल्याच घोटाला म्हणाले, "बाबा, जायफळ जास्त झालंय. विमानतळावरच झोप लागेल मला." बाबा म्हणाले, "आता काय गाळून काढू? पी गुपचूप." खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि आपण चौघं जायफळावरून भांडत होतो. रडायचं राहूनच गेलं. ते मी विमानात उरकलं.

आपलं घर होतंच तसं. आईच्या प्रत्येक पदार्थाला बाबा नावं ठेवायचे आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. दुसऱ्यांच्या घरी मात्र गार भजी खाऊनही "वा, छान" म्हणायचे. खरं मत परतताना रिक्षात ऐकायला मिळायचं.

मला निघून सोळा वर्षं झाली. रॅफल्स प्लेसच्या बँकेतली नोकरी, पीआर म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, बुकित तिमाहचा कॉन्डो, नितीनशी लग्न आणि आता बारा वर्षांची झालेली आमची ईरा. सुरुवातीला मी हॉकर सेंटरमधली, म्हणजे इथल्या खाऊच्या स्टॉलवरची, कंडेन्स्ड मिल्कवाली कॉफी, इथली ‘कोपी’, प्यायचे, कारण तिचा गोडवा बाबांच्या कॉफीच्या जरा जवळ जायचा. मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने पोर-ओव्हरचं, म्हणजे पुडीवर हाताने पाणी ओतून गाळलेल्या कॉफीचं, वेड लावलं आणि दूध-साखर कायमची सुटली. आता ओट्यावर वजनकाटा, लांब चोचीची किटली आणि शंकूसारखे दोन ड्रिपर. एकाला तळाशी मोठं भोक आहे, त्यात हात जरा घाईने चालला की पाणी सरळ खाली. दुसऱ्याचं भोक लहान, तो माझ्या चुका पोटात घालतो. नितीन याला माझी प्रयोगशाळा म्हणतो.

हलका भाजलेला कॉफीचा दाणा टणक, चव सहज सोडत नाही. त्याला दळण बारीक लागतं आणि पाणी जवळजवळ उकळतं. काळपट भाजलेला दाणा ठिसूळ. त्याचं दळण जाडसर ठेवायचं, किटली काही मिनिटं निवू द्यायची आणि ओतताना रेंगाळायचं नाही, नाहीतर कडू जहर. दोन्हींना आधी थोडंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं. पूड ताजी असेल तर फुलक्यासारखी फुगते.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले. त्यांनी आता इथेच राहावं असं मला फार वाटत होतं. त्यांच्या इथे राहण्याच्या पासचा फॉर्मही भरून ठेवला होता, फक्त त्यांची सही हवी होती. ते "बघू" म्हणायचे. बाकी सगळं छान. भात छान, एमआरटीची मेट्रो छान, माझी बिनदुधाची कॉफी छान. पंखा लावू का, फ्रिज उघडू का, असं विचारायचे. सकाळी उठले की चादरीची अशी घडी घालायचे, जणू त्याच दिवशी निघायचंय. नितीनला वाटलं, बाबा रमले. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग एका रविवारी माझा घोटाळा झाला. दोन्ही बरण्या सारख्याच. हलके भाजलेले समजून मी काळपट दाणे घेतले, तेही बारीक दळले, आणि वर उकळतं पाणी सावकाश ओतत बसले. ईराने माझ्या कपातून घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "ममा, धिस वन कॅनॉट लाह!" म्हणजे इथल्या इंग्रजीत, हे चालणारच नाही. बाबांनी अख्खा कप संपवला. "छान झालीय," म्हणाले.

मला रडूच फुटलं. "बाबा, काय छान? मी काय परकी आहे?"

त्यांनी रिकामा कप बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "मंजू, लेकीच्या घरी काय बोलायचं गं? आता तुझी आईही नाही. कुरकुर केली आणि तुम्हाला जड झालो, तर जाऊ कुठे?"

मी त्यांचा हात धरून बसले. मग बाबाच म्हणाले, "खरं सांगू? कंदिलाची काजळी प्यायल्यासारखं वाटलं." आणि एकदा बांध फुटल्यावर काय! टॉवेल फार जड, एसी फार गार, भात चिकट, माझी किटली म्हणजे वेळेचा सत्यानाश, तेवढ्या वेळात चार कप झाले असते. नितीन बाहेर हसत होता. त्याच दुपारी बाबांनी सही केली, फॉर्मच्या बारीक अक्षरांना शिव्या देत.

पण दादा, तेव्हापासून मला एक गोष्ट डाचतेय. मागच्या दिवाळीत मी दहा दिवस तुमच्याकडे होते. एकदा वहिनी भाजीत मीठ विसरली. तू आरडाओरडा केलास, मी "छानच झालीय की" म्हणत भाजी संपवली. विमानतळावर सोडताना तू म्हणालास, "सिंगापूरने तुला समजूतदार केलं हं." मी खूश झाले. त्या दहा दिवसांत मीही रोज सकाळी चादरीची घडी घालत होते, तुलाही दिसली नाही आणि मलाही.

डिसेंबरमध्ये येतेय. वहिनीला सांगून ठेव, स्वयंपाक बिघडला तर मी सगळ्यांदेखत बोलणार आहे. तिने मला वाट्टेल ते सुनवावं. आणि माझं अंथरूण दुपारपर्यंत तसंच पडलेलं दिसलं, तर तूही आईसारखा ओरड.