वरीचं बी

आमच्या कुडपण गावात वरीचं बी कुणी विकत आणलेलं मी तरी बघितलं नव्हतं. ज्याला त्या वर्षी पेरायचं नसेल त्यानं आपलं बी दुसऱ्या घरी द्यायचं आणि पुढं लागेल तेव्हा त्याच घरून मागून आणायचं.

मीही वरी सोडली तेव्हा बी थोरल्या जावेकडे दिलं. मुलं मुंबईला, बैलजोडी विकलेली, वर माकडं आणि रानडुकरं. एकट्या बाईनं उतारावर काय काय राखायचं? खालच्या खाचरातला भात तेवढा ठेवला. पण ओस पडलेला उतार बघून जीव तुटायचा. यंदा ठरवलं, काही होवो, एक तुकडा तरी वरी लावायचीच. रोपांसाठी जमीन भाजायची, तिला आम्ही राब म्हणतो. घरात गुरं नाहीत, म्हणून शेण शेजारून मागितलं, पालापाचोळा पसरून राब भाजला आणि मग जावेकडे गेले. बी नसेल हे मनातही आलं नव्हतं.

जाऊ भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"माझ्याकडं कुठलं गो? गेल्या साली डुकरांनी सगळं लोळवलं. हाती लागलं ते एकादशीला शिजवलं. मला वाटलं, तू थोडं घरात ठेवलं असशील."

"मी कशाला ठेवू, बाय? तुझ्याकडं हाय म्हणून तर मी निर्धास्त होते."

माझं डोकंच फिरलं. भांडायला तोंड उघडलं, पण भांडणार कुणाशी? ती तर रडकुंडीला आली होती.

पोलादपूरच्या बाजारात भगर मिळते, पण ती कोंडा काढलेली, ती कुठली उगवायला! मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ऑनलाइन मागव ना." कपाळ माझं. आमच्या वाऱ्यापावसात उभी राहणारी वरी कुरिअरच्या डब्यातून येणार होती थोडीच.

शेवटी जावेनं घाटाखाली माहेरी फोन लावला. मागे कधीतरी आमचंच बी तिकडं गेलं होतं. भावजयीनं तिला बोलूच दिलं नाही.

"बरं झालं फोन केलात. आम्हीच येणार होतो, वरीचं बी न्यायला. आमचं दोन वर्षं झाली, संपलं. पण तुमच्याकडं असणारच म्हणून काळजी नाय केली."

जावेनं माझ्याकडे बघितलं.

"ये," ती फोनवर म्हणाली, "जेवायलाच ये."